गरम टोक, थंड टोक

शंभर युनिट वीज आत घालायची आणि दुसऱ्या बाजूने पाच-सहा युनिट बाहेर काढायची, या उद्योगाचा मला बरीच वर्षं पगार मिळाला. उरलेली वीज कुठे जाते, असं वीज कंपनीच्या एका अधिकाऱ्याने मला विचारलं होतं. तिने पाणी गरम होतं, असं मी सांगितलं. मग त्या गरम पाण्याचं काय करता? गार करतो.  यावर ते चहा संपवून शांतपणे गेले.

हे काम नेमकं काय होतं ते आधी सांगतो, कारण माझ्या सख्ख्या भावालाही ते अजून नीट कळलेलं नाही आणि तो पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक आहे. सूर्यापासून फार लांब जाणाऱ्या यानाला सौर पट्ट्यांचा उपयोग नसतो. तिथे ऊनच पोचत नाही. मग यानात किरणोत्सारी पदार्थाची एक वडी ठेवतात. ती कोणी पेटवावी लागत नाही, आपसूक वर्षानुवर्षं तापलेली राहते. तिच्याभोवती खास मिश्रणाच्या लहान लहान कांड्या उभ्या करतात. कांडीचं एक टोक तापलेल्या वडीकडे, दुसरं बाहेर, थंडीकडे. दोन टोकांच्या तापमानात फरक असला की कांडीतून वीज वाहते. संपलं. वाफ नाही, चाक नाही, धूर नाही.

असा डबा अनेक वर्षं टिकेल का, हे जमिनीवर तपासून पाहणं हे आमच्या प्रयोगशाळेचं काम. आता अणूची वडी पैठण रोडवर चितेगावच्या शेडमध्ये कोणी ठेवू देत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून वडीच्या जागी तेवढ्याच आकाराचा विजेचा हीटर बसवतात. डब्याला फरक कळत नाही, त्याला उष्णतेशी मतलब. थोडक्यात, मी अणुऊर्जेच्या क्षेत्रात उभा जन्म काढला आणि अणुइंधनाचा एक कणही पाहिला नाही. पंचांग करणाऱ्याचा मंगळाशी जेवढा संबंध असतो, तेवढाच माझा माझ्या विषयाशी.

हे लोकांना पटत नसे. मी राहतो हर्सूलला. पत्ता सांगितला की लोक विचारतात, तलावाकडे की तुरुंगाकडे? आमच्या कॉलनीत मात्र मला वेगळी कीर्ती होती. शेजारच्या काकू माझ्या हातचा प्रसाद घेत नसत. त्यांचा मुलगा, माझ्यामुळे गल्लीतले डास कमी झाले, असं पाहुण्यांना सांगत असे. मी दोघांनाही समजावणं सोडून दिलं. नोकरीने दिलेला एवढाच काय तो दरारा होता, तोही कशाला घालवा?

डबा ज्या निर्वात पेटीत ठेवतात, त्या चेंबरचा लोखंडी सांगाडा आमच्या शेडमध्ये वेल्डिंग करायला पाशाभाई आले होते. काम झाल्यावर त्यांनी डब्याला एक प्रदक्षिणा घातली.

"साब, इसमें हिलता क्या है?"

"कुछ नहीं."

"कुछ बी नहीं? फिर बिगड़ेगा क्या?"

पुढे एका परिषदेत, या तंत्रज्ञानाचे फायदे सांगणारं एका मोठ्या शास्त्रज्ञाचं तासभर भाषण मी ऐकलं. त्याचा मथितार्थ पाशाभाईंच्या प्रश्नाइतकाच होता. फक्त पाशाभाईंनी शाल घेतली नव्हती.

काहीच हलत नाही ही आमची अडचणही होती. एकदा एक पुढारी पाहणीला आले. सोबत फेटेवाले, हारवाले, फोटोवाले. त्यांनी डब्याकडे पाहिलं आणि हात चोळत म्हणाले, "हं, करा चालू." चालूच आहे, असं मी म्हणालो. त्यांनी आणखी थोडं पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत मला माझ्या सासऱ्यांची नजर दिसली. शेवटी त्यांनी शेडबाहेरच्या रेडिएटरवर हात ठेवून फोटो काढून घेतला. हा रेडिएटर म्हणजे मोटारीत असतो तसाच, मोठा; एक जाळी आणि तिच्यामागे पंखा. डब्याची बाहेरची बाजू गार ठेवणारं पाणी त्यातून फिरे. आमच्याकडे डोळ्यांना फिरताना दिसेल असा तेवढा पंखाच होता. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटोखाली छापून आलं, 'अणुयंत्राची पाहणी करताना.'

आता मुख्य प्रसंगाकडे येतो. तो ज्या डब्याचा आहे, त्याची चाचणी आमच्या प्रयोगशाळेचा शेवटचा आधार होती. ग्राहक म्हणजे दक्षिणेतली एक मोठी संस्था. ठरलेल्या मुदतीपर्यंत डबा अखंड तापता ठेवायचा आणि त्यातून निघणारी वीज ठरलेल्या रेषेच्या खाली जाऊ द्यायची नाही, अशी अट. अखंड म्हणजे अखंड. तापलेल्या काचेच्या पेल्यात गार पाणी ओतलं तर काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. डबा एकदा गार झाला की कांड्यांचे सांधे तडकतात आणि मग त्याच्यात पुन्हा जीव येईलच असं नाही. लाइट गेली तर बॅटऱ्या, बॅटऱ्या संपल्या तर डिझेलचा जनरेटर, तो बिघडला तर दुसरा जनरेटर. मालकांनी स्वच्छ सांगितलं होतं, ही चाचणी पार पडली तर पुढचं काम येईल, नाहीतर शेड एका खतवाल्याला गोदामासाठी द्यायचं. मी निवृत्तीला आलेला. माझं काही अडत नव्हतं. पण भगवान आणि सुनीता यांचं अडत होतं.

भगवान आमचा मुख्य तंत्रज्ञ. फुलंब्रीकडचा. वडिलांची मेंढरं होती, अजून थोरला भाऊ मेंढरांमागे फिरतो. हा आयटीआय करून यंत्रांमागे लागला. रोज मोटरसायकलवर हर्सूलला मला उचलून चितेगावला न्यायचा आणि रस्ताभर माझ्या आधीच्या पिढ्यांबद्दल प्रश्न विचारायचा. सुनीता मीटरं, तारा, नोंदी सांभाळायची. नवरा कंपनीतून कमी झालेला, घर तिच्यावर. मला 'सर' म्हणायची आणि चुकलो की त्याच शब्दाने माझा कान उपटायची.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी भगवान माझ्या टेबलाशी आला.

"साहेब, उद्या डबा किती वाजता बंद करायचा?"

"बंद करायचा नाही."

"पूजेपुरता हो."

"पूजेपुरताही नाही. गार झाला की मेला."

भगवान खुर्ची ओढून बसला, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "साहेब, चालत्या यंत्राची खंडेनवमी कुठं असती व्हय? सगळ्या एमआयडीसीत उद्या लेथ बंद, प्रेस बंद. त्याला बी एक दिवस टेकू द्या की. माझा भाऊ साहेब, बारा महिने रानात, पर खंडेनवमीला काठी खाली ठिवतो, पूजतो."

"आणि मेंढरं?"

"मेंढरं काय, चरत्यात."

"मग झालं. डबा म्हणजे मेंढरू. त्याला चरू दे. आपण पाने, पक्कड, टेस्टर खाली ठेवू."

या युक्तिवादावर मी इतका खूश झालो की तो शास्त्रात बसतो का, हे पाहायचं राहून गेलं. भगवानने थोडा विचार केला. "चालतंय. पर टेकू देत नाय, तर पूजा डबल करायची. त्याला वाटाया नको, फुकट राबवत्यात."

सुनीता तिकडून म्हणाली, "आणि सर, एकही मीटर सोडायचं नाही. प्रत्येकाला कुंकू."

"मीटरला काय कळतं?"

"तुम्हाला कळतं का, किती मीटरं आहेत ते?"

मला कळत नव्हतं. 

दुसऱ्या दिवशी डबल पूजा झाली. चेंबरला झेंडूच्या माळा, पॅनलला माळा, दोन्ही जनरेटरना माळा. रेडिएटर बाहेर एकटा पडलाय, त्यालाही घाला, असं कोणीतरी म्हणालं. तो आवाज माझ्यासारखा होता, असं सुनीताचं म्हणणं आहे. हळद, कुंकू, अक्षता. सुनीताने कुंकू पाण्यात चांगलं कालवून प्रत्येक मीटरच्या काचेवर ठसठशीत बोट लावलं. मंत्र कोण म्हणणार, हा प्रश्न आला तेव्हा सगळे माझ्याकडे वळले.

"साहेब, तुमचे आजोबा भिक्षुकी करायचे ना?"

आजोबा पुरोहित, वडील कचेरीत कारकून आणि मी नास्तिक. आमच्या धंद्यात किरणोत्सारी पदार्थ निम्मा व्हायला लागणाऱ्या काळाला अर्धायुष्य म्हणतात. आमच्या घरातल्या मंत्रांचं अर्धायुष्य एका पिढीहून बरंच कमी निघालं. मला फक्त शाळेतलं 'देव' शब्द चालवणं आठवत होतं. ते मी गंभीर आवाजात सुरू केलं. देवः देवौ देवाः. सप्तमीला पोचेपर्यंत सगळ्यांनी डोळे मिटले होते आणि संबोधनाला भगवानने नारळ फोडला. पूजा अतिशय भक्तिभावाने झाली, असं मालकही म्हणाले.

त्याच संध्याकाळी डब्यातून येणारी वीज उतरली.

फार नाही, शंभरातली तीन. पण आमच्या रेषेच्या ती बरोबर खाली गेली आणि तिथेच बसली. दसरा झाला तरी वर येईना. आणि त्याच आठवड्यात ग्राहकांच्या प्रतिनिधी डॉ. नायर पाहणीला येणार होत्या. वीज रेषेखाली राहिली तर चाचणी थांबवायचा अधिकार त्यांना होता. थांबवायची म्हणजे हीटर बंद, डबा गार, शेडमध्ये खताची पोती.

भगवानचं निदान सरळ होतं. "टेकू दिलं नाय त्याला."

माझं निदान यापेक्षा विद्वत्तापूर्ण होतं. गरम टोकापाशी, निर्वात पोकळीत, कांडीच्या मिश्रणातलं एक द्रव्य हळूहळू उडून जात असणार, असा सिद्धान्त मी मांडला. आलेख काढले. परदेशी शोधनिबंधांचे हवाले दिले. त्या सादरीकरणातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. फक्त त्यांचा आमच्या डब्याशी संबंध नव्हता. हीटरचं तापमान आम्ही पुन्हा पुन्हा तपासलं, ते होतं तसंच होतं. थंड बाजूचं तापमान मोजणारी आतली तार कधीच निकामी झाली होती आणि चाचणी चालू असताना चेंबर उघडून ती बदलता येत नाही. म्हणून गार पाण्याच्या पाइपवरच्या मीटरवरून आम्ही थंड बाजू समजून घ्यायचो. बाकी सगळं संगणकाला जोडलेलं, हे मीटर मात्र इतकं किरकोळ की प्रत्येक पाळीत कोणीतरी जाता जाता वाचून यायचं. चाळीस असायला हवं, चाळीसच होतं.

डॉ. नायर आल्या. बारीक चणीच्या, सुती साडी, हातात कापडी पिशवी. हार त्यांनी हातानेच घेऊन टेबलावर ठेवला, म्हणून मला त्या आवडल्या. हिंदी बोलत, पण प्रत्येक शब्द तपासून घेतल्यासारखं. माझं सादरीकरण त्यांनी पूर्ण ऐकलं.

"बहुत अच्छा है," त्या म्हणाल्या. "तो डिज़ाइन फेल है?"

मी इतका वेळ नेमकं हेच सिद्ध करत होतो, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मागे सुनीता उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने हातातली पेन्सिल टेबलावर ठेवली आणि पुन्हा उचलली.

"एक बार डिब्बा देख लेते हैं," डॉ. नायर उठत म्हणाल्या. "फिर बंद करेंगे."

आम्ही चेंबरपाशी गेलो. त्या शांतपणे एकेक मीटर पाहत होत्या. भगवान हीटरच्या स्विचजवळ जाऊन उभा राहिला, पण पाठ स्विचकडे करून, म्हणजे तो कोणालाही तिथे पोचू देणार नव्हता. मला काय करावं सुचेना. ऐटीत उभं राहावं म्हणून मी मागच्या पाइपवर कोपर टेकलं आणि ओरडलो.

"काय झालं, साहेब?"

"भाजलं!"

"गार पाण्याचा पाइप हाय तो."

मी मीटरकडे पाहिलं. चाळीस. पुन्हा हात लावला. चटका. चाळीस अंशांचं पाणी कोमट लागतं, आंघोळीला घेतो साधारण तेवढंच. हे तसं नव्हतं. तरीही मी म्हणालो, "मीटर बरोबर आहे. माझा हात हळवा आहे."

"सर," सुनीता म्हणाली, आणि मला कळलं की मी चुकलोय. "ते शून्य आहे का?"

आम्ही सगळे जवळ गेलो. चारचा आकडा स्पष्ट होता. दुसऱ्या आकड्यावर सुनीताचं खंडेनवमीचं बोट होतं, मधोमध, वाळून घट्ट झालेलं आणि थोडं ओघळलेलं. इंग्रजी आठ आणि शून्य यांच्यात, या लाल रेघांच्या मीटरवर, फरक फक्त मधल्या आडव्या रेघेचा असतो. ती रेघ असलीच तर कुंकवाखाली होती. वर्षभर शून्य पाहायची सवय. गोलसर काही दिसलं की आम्ही शून्य वाचून पुढे जात होतो.

"पुसा की," मी म्हणालो.

कोणी हललं नाही.

"भगवान, पूस."

"कुंकू? मी नाय पुसणार. खंडेनवमीचं हाय. आपआपलं झिजतं ते."

"सुनीता, तू लावलंस ना?"

"म्हणूनच नाही पुसणार, सर. काहीही सांगता."

मी डॉ. नायरांकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हात पिशवीवर ठेवले. "मैं मेहमान हूँ," त्या म्हणाल्या.

राहिलो मी. घरी देवघर नाही, श्राद्ध नाही, मांजर आडवं गेलं तर त्याला वाट देणारा माणूस. रुमाल काढला. हात काचेपर्यंत गेला आणि तिथे थांबला. कुंकू पुसणं या शब्दांना आपल्या भाषेत जो अर्थ आहे, तो माझ्या डोक्यात नव्हता, मनगटात होता. आणि मागे, ज्यांच्या पोटाचा प्रश्न होता ती दोन माणसं श्वास रोखून उभी होती, ती मी पुसावं म्हणून की पुसू नये म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही. मी रुमालाने स्वतःचं कपाळ पुसलं.

मग सुचलं. कुंकू काचेच्या बाहेरून होतं आणि आकडा काचेच्या आत, बोटभर खोल. समोरून झाकलेलं खालून तिरकं पाहिलं तर दिसेल. मीटर कमरेइतक्या उंचीवर होतं. मी गुडघे टेकले, तेवढ्याने भागेना, म्हणून हात जमिनीवर ठेवून मान खाली घातली आणि मग वर पाहिलं. आडवी रेघ होती.

"अठ्ठेचाळीस!" मी जमिनीवरून ओरडलो.

मालक नेमके तेव्हा दारात आले. त्यांना दिसलं ते एवढंच, की त्यांचा नास्तिक अभियंता कुंकू लावलेल्या मीटरपुढे जवळजवळ साष्टांग पडलाय आणि ग्राहकांच्या प्रतिनिधी आदराने बाजूला उभ्या आहेत. त्यांनी चपला काढल्या.

बाकी सोपं होतं. भगवान बाहेर धावला. पंख्याने झेंडूची माळ जाळीवर ओढून घेतली होती, पाकळ्या आतपर्यंत शिरल्या होत्या. हवा जायला वाट नाही, म्हणून पाणी तापलेलं. थंड टोक तापलं की दोन टोकांतला फरक कमी आणि वीजही कमी. इतकी वर्षं लोकांना 'वीज फरकातून येते' असं शिकवणारा मी गरम टोकाकडेच डोळे लावून बसलो होतो. माळ काढायला कोणाची हरकत नव्हती, माळेचं निर्माल्य होतं. पाकळ्या भगवानने दात घासायच्या ब्रशने काढल्या. पाणी उतरायला लागलं, वीज चढायला लागली. पडद्यावरचा आकडा रेषेच्या वर जाईपर्यंत आम्ही तिथेच उभे राहिलो.

डॉ. नायर खुर्चीवर बसल्या होत्या. "कारण लिहावं लागेल," त्या हिंदीत म्हणाल्या.

"शीतन यंत्रणेतील हवेच्या मार्गात वनस्पतिजन्य अडथळा," मी म्हणालो. मोठे शब्द मला आवडत नाहीत, पण कधी कधी तेच अंगावर पांघरावे लागतात.

"दोबारा होगा?"

"साल में एक बार, मैडम."

त्या पहिल्यांदा हसल्या. चाचणी चालू ठेवायची, असं त्यांनी सांगितलं. सुनीता पाणी प्यायला म्हणून बाहेर गेली आणि बराच वेळ आली नाही.

दुसरं मीटर बसवायला पाणी थांबवावं लागलं असतं, आणि ते शक्य नव्हतं. पाइपला मी साधा थर्मामीटर बांधला, पण नोंद धरायची ती प्रमाणित मीटरचीच, असा नियम. म्हणून मुदत संपेपर्यंत प्रत्येक पाळीत जो कोणी असेल तो गुडघे टेकून, हात जमिनीवर ठेवून पाण्याचं तापमान वाचत असे. कुंकू झिजलं नाही. सुनीताने ते फारच मनापासून कालवलं होतं.

शेवटच्या दिवशी डॉ. नायर पुन्हा आल्या. वीज रेषेच्या वर होती. आता एकच नोंद उरली होती, आणि शेवटची नोंद ग्राहकाने स्वतः वाचायची असते. मी त्यांना खुर्ची देऊ केली, टॉर्च देऊ केली, आरसा आणायचीही तयारी दाखवली. त्यांनी पिशवी सुनीताच्या हातात दिली, साडीचा पदर कमरेला खोचला आणि आमच्यासारख्याच खाली वाकल्या. भगवानने नकळत हात जोडले.

"चालीस," जमिनीवरून आवाज आला. मग थोडं थांबून, पुन्हा पाहून, "पक्का चालीस."